प्राणिसंग्रहालयांतील माकडांचे प्रजननगट

प्राणिसंग्रहालय : माकडांचे प्रजननगट. प्राणिसंग्रहालयात एखाद्या जातीच्या माकडांची संतती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहावी या हेतूने, त्यांचे वय, लिंग व परस्परांतील नाते यांचा विचार करून जो समूह एकत्र ठेवतात, त्याला प्रजननगट म्हणतात. केवळ प्रदर्शनासाठी पिंजऱ्यात ठेवलेली माकडे आणि प्रजननगट यांत मूलभूत फरक आहे. प्रदर्शनासाठी प्राणी जिवंत असला म्हणजे पुरते. प्रजननगटातील प्राण्यांना जोडीदार मिळणे, त्यांनी पिलांना जन्म देणे, ती वाढविणे आणि त्या पिलांनी पुढे स्वतः पालक होणे ही साखळी अखंड राहावी लागते. ही साखळी कशी जुळवावी, याचे ज्ञान विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने व बहुतांशी अपयशांतून मिळत गेले.

पूर्वपीठिका : लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेची स्थापना १८२६ मध्ये झाली व तिचे संग्रहालय १८२८ मध्ये सदस्यांसाठी आणि १८४७ पासून सर्वसाधारण जनतेसाठी खुले झाले. एकोणिसाव्या शतकातील अशा संग्रहालयांत जास्तीत जास्त जातींचे नमुने जमविण्यावर भर असे. माकडे उष्ण प्रदेशातील म्हणून त्यांना बंदिस्त, उबदार घरांत ठेवीत. तेथे हवा खेळती नसे व प्रेक्षकांची गर्दी असे. परिणामी मनुष्याकडून माकडांना क्षयाची बाधा होई व ती मोठ्या संख्येने मरत. मेलेल्या माकडाची जागा व्यापाऱ्याकडून दुसरे विकत घेऊन भरता येत असल्याने प्रजननाची निकड भासत नसे. कार्ल हागेनबेक यांनी हँबुर्गजवळील श्टेलिंगेन येथे १९०७ मध्ये उघडलेल्या उद्यानात गजांऐवजी खंदकांचा उपयोग करून मोकळ्या आवारांची पद्धत रूढ केली. आवार बदलले, तरी त्यात कोणती माकडे एकत्र ठेवावीत हा प्रश्न अनुत्तरितच होता.

लंडनची माकडटेकडी : हा प्रश्न किती गंभीर आहे, हे लंडनच्या संग्रहालयातील एका प्रसंगाने स्पष्ट झाले. तेथे १९२५ मध्ये सु. ३० मी. लांब व १८ मी. रुंद अशी कृत्रिम खडकाळ टेकडी बांधून तीवर सु. १०० हमाद्रियस बॅबून सोडण्यात आले. समूह केवळ नरांचा असावा अशी योजना होती. परंतु आलेल्या प्राण्यांत सहा माद्याही होत्या. या माद्यांवरून नरांत भांडणे सुरू झाली. १९२७ मध्ये आणखी ३० माद्या आणि काही नर तेथे सोडल्यावर तर हिंसाचाराला ऊत आला. नर एकमेकांवर तुटून पडत आणि या ओढाताणीत माद्यांचाच बळी जाई. पहिल्या काही वर्षांत मेलेल्या ३३ माद्यांपैकी ३० माद्या अशा झगड्यांत मृत्युमुखी पडल्या. अखेर १९३० मध्ये उरलेल्या माद्या टेकडीवरून हलविण्यात आल्या.

या समूहाचे निरीक्षण शरीररचनावैज्ञानिक सॉली झुकरमन यांनी केले व १९३२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लैंगिक आकर्षण हाच माकडांच्या समाजजीवनाचा पाया होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तथापि १९६० नंतर हान्स कुमर यांनी इथिओपियातील अर्धशुष्क प्रदेशात याच जातीचा नैसर्गिक स्थितीत अभ्यास केला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. हमाद्रियस बॅबूनांत एक नर व काही माद्या यांचे कुटुंब हा समाजाचा मूळ घटक असतो. तरुण नर एखाद्या कोवळ्या मादीला जवळ करून हळूहळू आपले कुटुंब उभारतो आणि परिचित नरांनी जोडलेली ही नाती इतर नर सामान्यतः मानतात. टेकडीवर मात्र एकमेकांना अपरिचित असे प्रौढ प्राणी, नरांची प्रचंड बहुसंख्या असताना, अपुऱ्या जागेत एकाच वेळी आणून सोडले होते. तेथे दिसलेली क्रूरता जातीच्या स्वभावाची नव्हती, तर गटाच्या चुकीच्या जुळणीची होती. प्रत्येक जातीची समाजरचना जाणून घेतल्याशिवाय तिचा गट बांधू नये, हा धडा यातून मिळाला. (⇨ बॅबून).

आयातीचा अंत : दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. जंगले आक्रसू लागली आणि प्राणी पुरविणारे देश निर्यातीवर निर्बंध घालू लागले. ब्राझीलने १९६७ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार व व्यापार यांना मनाई केली. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारावर १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे सह्या होऊन तो १९७५ मध्ये अंमलात आला. भारताने १९७८ पासून ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. मेलेल्या माकडाच्या जागी रानातून दुसरे आणण्याचा मार्ग असा बंद झाल्यावर, जवळ असलेल्या प्राण्यांपासूनच संतती मिळविणे प्राणिसंग्रहालयांना भाग पडले.

सोनेरी सिंह टॅमरिन : या बदलाचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण म्हणजे सोनेरी सिंह टॅमरिन (लिओंटोपिथेकस रोझॅलिया) ही ब्राझीलच्या रीओ दे जानेरो राज्यातील अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात आढळणारी जात होय. सु. ६०० ग्रॅ. वजनाच्या या माकडाच्या अंगावर तांबूस सोनेरी केस व तोंडाभोवती सिंहासारखी आयाळ असते. तिच्या सौंदर्यामुळे ते पाळण्यासाठी व प्रदर्शनासाठी शेकड्यांनी पकडले गेले. त्यातच शेती व वसाहतींसाठी किनाऱ्यावरील जंगल जवळजवळ संपुष्टात आले. आदेलमार कोइंब्रा-फील्यू या ब्राझीली प्राणिवैज्ञानिकांनी १९६० नंतरच्या दशकात या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रानात जेमतेम २०० टॅमरिन उरले असावेत, असा अंदाज होता. संग्रहालयांतील संख्याही शंभराच्या आत होती व जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत असल्याने तीही घटत होती. रान व पिंजरा या दोन्ही ठिकाणी जात एकाच वेळी नष्ट होण्याची भीती निर्माण झाली.

या प्रश्नावर १९७२ मध्ये वॉशिंग्टन डी. सी. येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात तज्ञांची परिषद भरली. पुढे त्याच संस्थेतील डेव्हरा क्लाइमन यांनी या जातीच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला. अपयशाची कारणे साधी, पण दुर्लक्षित होती. पहिले कारण आहाराचे. टॅमरिन फळांबरोबर कीटक व लहान प्राणीही खातात. पिंजऱ्यात त्यांना प्रथिने अपुरी मिळत. शिवाय अमेरिका खंडातील माकडांना ड जीवनसत्त्वाचा ड-३ हा प्रकारच उपयोगी पडतो. तो न मिळाल्यास त्यांची हाडे मृदू होतात. दुसरे कारण कुटुंबरचनेचे. टॅमरिनांच्या कुटुंबात सामान्यतः एकच मादी प्रसवते, बहुधा जुळी पिले होतात आणि ती पाठीवर वाहून नेण्याचे काम पिता व मोठी भावंडे करतात. जादा माद्या एकत्र ठेवल्यास त्या परस्परांवर प्राणघातक हल्ले करीत. म्हणून प्रत्येक आवारात एकच जोडी व तिची संतती ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तिसरे कारण अनुभवाच्या अभावाचे. पिले मोठी होताच त्यांना आईबापांपासून दूर करीत. त्यामुळे धाकट्या भावंडांना सांभाळण्याची संधी त्यांना मिळत नसे आणि पुढे स्वतःची पिले झाल्यावर ती त्यांना टाकून देत. पुढचे वेत वाढेपर्यंत पिलांना कुटुंबातच राहू देण्याचा नियम झाल्यावर पिले जगण्याचे प्रमाण सुधारले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास संग्रहालयांतील टॅमरिनांची संख्या सु. ५०० झाली.

वंशावळ-नोंदवही व जननिक व्यवस्थापन : संख्या वाढली म्हणजे जात सुरक्षित झाली असे नव्हे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समूहात जवळच्या नातलगांचा संकर होतो. कॅथरिन रॉल्स व जॉनथन बॅलू यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अंतःप्रजननातून जन्मलेल्या माकडांच्या पिलांत बालमृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्राण्याचे जन्म, मृत्यू, स्थलांतर व आईबाप यांची नोंद करणारी वंशावळ-नोंदवही. युरोपीय बायसनासाठी अशी नोंदवही १९३२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. माकडांच्या बाबतीत ही पद्धत नंतर आली. नोंदवहीवरून प्रत्येक प्राण्याचे संपूर्ण समूहाशी असलेले सरासरी नाते काढतात. ज्याचे नातलग थोडे, त्याच्याकडे दुर्मिळ जनुके असण्याचा संभव अधिक. म्हणून त्याला प्रजननात अग्रक्रम मिळतो. पूर्वजांच्या जननिक विविधतेपैकी ९० टक्के विविधता १०० वर्षे टिकविणे, हे उद्दिष्ट सामान्यतः ठेवतात.

अशा योजनेत कोणत्याही एका संग्रहालयाचा गट स्वयंपूर्ण असू शकत नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेत १९८१ पासून व युरोपात १९८५ पासून संग्रहालयांनी संयुक्त प्रजनन कार्यक्रम सुरू केले. कोणता नर कोणत्या मादीजवळ पाठवावा, याची शिफारस नोंदवही सांभाळणारा समन्वयक करतो. टॅमरिनांबाबत तर मालकीची कल्पनाच बदलली. १९९० च्या सुमारास परदेशी संग्रहालयांनी आपल्या टॅमरिनांची मालकी ब्राझील शासनाकडे सोपविली आणि स्वतःकडे केवळ सांभाळाची जबाबदारी ठेवली.

प्राणी एका संग्रहालयातून दुसरीकडे नेताना रोगप्रसाराचा धोका असतो. यास्तव नव्या माकडाला काही आठवडे अलग ठेवून क्षयाची व परोपजीवींची तपासणी करतात. मकाक माकडांतील बी विषाणू त्यांना स्वतःला फारसा अपाय करीत नाही, पण माणसाला प्राणघातक ठरू शकतो. म्हणून रखवालदारांना विशेष काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतील काही संग्रहालयांत टॅमरिनांना खाऊ घातलेल्या उंदरांच्या पिलांतून विषाणू संक्रमित होऊन यकृतशोथाने माकडे मेल्याचेही उघडकीस आले. आहार सुधारण्याचा उपायच असा काही वेळा घातक ठरला.

अतिरिक्त प्राण्यांचा प्रश्न : प्रजनन यशस्वी झाल्यावर उलट अडचण उभी राहते. जागा मर्यादित असते आणि जन्म चालूच राहतात. सोनेरी टॅमरिनांची संख्या ५०० च्या आसपास स्थिर ठेवण्यासाठी माद्यांच्या त्वचेखाली अंडमोचन रोखणाऱ्या संप्रेरकाची गुटी बसविण्याचा उपाय योजला गेला. अशा संप्रेरकांच्या दीर्घकाळ वापराने काही प्राणिजातींत गर्भाशयावर अनिष्ट परिणाम झाल्याचे आढळले आहे. एकाच लिंगाच्या प्राण्यांचे वेगळे गट करणे, इतर संग्रहालयांकडे पाठविणे व जन्म थांबविणे हे अन्य मार्ग होत. परंतु जन्म फार काळ थांबविल्यास गट वृद्ध होतो आणि पिले वाढविण्याचा अनुभव असलेली पिढीच उरत नाही.

हा पेच किती तीव्र होऊ शकतो, हे जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे दिसले. तेथे २५ गिनी बॅबूनांसाठी बांधलेल्या आवारात त्यांची संख्या ४० हून अधिक झाली आणि भांडणे व जखमा वाढल्या. काही प्राणी अन्यत्र पाठविण्यात आले व गर्भनिरोधनही करून पाहिले, पण ते पुरेसे ठरले नाही. जुलै २०२५ मध्ये संग्रहालयाने १२ बॅबून गोळी घालून मारले. निरोगी प्राण्याला मारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, अशी प्राणिमित्रांची भूमिका होती. तर गट व पर्यायाने जात टिकविण्यासाठी अन्य मार्ग उरला नव्हता, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. एकेका प्राण्याचे हित आणि जातीचे हित यांतील हा विरोध प्रजननगटांच्या मुळाशीच आहे.

पुनःस्थापन : प्रजननगटाची खरी कसोटी त्याची संतती रानात जगते की नाही, ही होय. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या पॉसो दास आंतास या राखीव वनात १९८४ पासून संग्रहालयांत जन्मलेले टॅमरिन सोडण्यास सुरुवात झाली. पिंजऱ्यात वाढलेल्या या माकडांना लवचिक फांद्यांवरून जाणे, अन्न शोधणे व वाटा ओळखणे जमत नसे. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार होते. सोडण्यापूर्वीच्या शिक्षणापेक्षा सोडल्यानंतरची देखभाल व पुरवणी अन्न अधिक उपयोगी ठरले आणि त्यांची रानात जन्मलेली पिले मात्र चांगली तगली. २००० पर्यंत सु. १५० प्राणी सोडण्यात आले. २००३ मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. २०१६–१८ मधील पीतज्वराच्या साथीत रानातील संख्या सु. ३,७०० वरून २,५०० पर्यंत घसरली. त्यानंतर टॅमरिनांना लस टोचण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. २०२३ च्या गणनेत ही संख्या सु. ४,८०० असल्याचे दिसून आले. तुटक वनखंड जोडण्यासाठी झाडे लावणे व महामार्गावरून हरित पूल बांधणे ही कामेही झाली असून, त्यांवाचून केवळ सोडलेल्या प्राण्यांनी हे यश मिळाले नसते.

भारत : भारतात १८५५ मध्ये स्थापन झालेले मद्रासचे प्राणिसंग्रहालय १९८५ मध्ये वंडलूर येथे विस्तीर्ण जागेत हलविण्यात आले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले व त्याने निवडक जातींचे संवर्धन-प्रजनन हाती घेतले. पश्चिम घाटाच्या कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांतील सदाहरित वनांत राहणाऱ्या सिंहपुच्छ माकडासाठी (मकाका सायलेनस) वंडलूर हे समन्वयक संग्रहालय आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीत ही जात आढळत नाही. तिचे प्रजनन मंद असून मादीला एका वेळी एकच पिलू होते व दोन वितींत बहुधा दोन-तीन वर्षांचे अंतर असते. माद्या जन्मभर आपल्याच गटात राहतात आणि नर गट बदलतात. त्यामुळे टॅमरिनांच्या उलट येथे आई, मुली व बहिणी यांचा गट अखंड ठेवून केवळ नर बदलणे इष्ट ठरते. एकेकटी ठेवलेली माकडे अशा योजनेला उपयोगी पडत नाहीत. (⇨ मकाक).

मूल्यमापन : प्रजननगटांमुळे प्राणिसंग्रहालयांचे रानावरील अवलंबन घटले आणि सोनेरी टॅमरिनासारखी जात नामशेष होण्यापासून वाचण्यास साहाय्य झाले. परंतु असे यश मोजक्याच जातींच्या वाट्याला आले आहे. संग्रहालयांत पैदास होणाऱ्या बहुसंख्य माकडांना परत जाण्यासाठी सुरक्षित वन उपलब्ध नाही आणि वन नसेल, तर प्रजननगट हे जातीचे दीर्घ मुदतीचे आश्रयस्थान न राहता तिचे अखेरचे निवासस्थान बनते. यामुळे गटांचे व्यवस्थापन व मूळ अधिवासाचे रक्षण ही एकाच कार्याची दोन अंगे मानली जातात.