मूळ गाव, वांगड आणि जुना कागद : गोमंतकीय घरांतील इतिहास

गोव्यात दोन अनोळखी माणसे भेटली की नावगाव विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न हमखास येतो : ‘मूळचे कुठले?’ राहत्या गावाचे नाव सांगून या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. विचारणाऱ्याला कुळदेव कोणता हे हवे असते, कुळाचे आदिस्थान हवे असते. फोंडा तालुक्यात पिढ्यानपिढ्या राहिलेले घराणेही स्वतःला केळशीचे किंवा वेर्ण्याचे म्हणवते. सोळाव्या शतकातील स्थलांतराची आठवण या साध्या प्रश्नोत्तरात आजही वावरत असते.

राज्याचा इतिहास सामान्य गोमंतकीयाला पाठ्यपुस्तकाआधी घरातून कळतो, तो असा. कुळदेवाची वार्षिक भेट, आडनाव, गावकारीतील वाटा, पेटीच्या तळाशी जपलेला पोर्तुगीज दस्तऐवज आणि आजीच्या आठवणी ही त्याची साधने. मात्र ही साधने सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाहीत आणि ती फार काळ टिकतील अशीही स्थिती नाही. म्हणूनच ती कोणती, त्यांतून काय कळते आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचता येते, याची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

स्थलांतरित देव, स्थिर नाती

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे महाल त्यांच्या ताब्यात आले. या ‘जुन्या काबिजादीं’त १५४० नंतरच्या काही दशकांत देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. ज्यांना धर्म सोडायचा नव्हता त्यांनी घरदार सोडले. देवांच्या मूर्ती व लिंगे घेऊन ते नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखात गेले. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्या वेळी आदिलशाहीत होता.

कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळला, कोलव्याची महालक्ष्मी आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. चोडणचा देवकीकृष्ण पुढे माशेलला स्थिरावला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. काही कुटुंबे फोंड्यातही थांबली नाहीत. ती किनाऱ्याने दक्षिणेकडे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली आणि त्यांचे वंशज आजही कुळदेवाच्या दर्शनासाठी गोव्यात येतात.

इतिहासाच्या पुस्तकात हा सारा प्रकार ‘मंदिरांचे स्थलांतर’ या मथळ्याखाली एका परिच्छेदात संपतो. पण ज्या घरात दरवर्षी म्हार्दोळला जाण्याचा परिपाठ आहे, त्या घरातील मुलाला एक दिवस प्रश्न पडतो की, आपण वेर्ण्याचे, तर आपली देवी फोंडा तालुक्यात का? ज्या दिवशी हा प्रश्न पडतो, त्या दिवसापासून सोळावे शतक त्याच्यासाठी परके राहत नाही.

आडनाव काय सांगते, काय लपवते

बोरी गावावरून बोरकर, काकोड्यावरून काकोडकर, बांदोड्यावरून बांदोडकर, पिसुर्ल्यावरून पिसुर्लेकर. अनेक हिंदू गोमंतकीयांच्या आडनावात गावाची पाटी लावलेलीच असते. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले आणि गोव्यातील एका देवस्थानाचे नाव देशभर पोहोचले. अर्थात आडनावातील गाव हे दरवेळी आदिस्थानच असते असे नाही. मधल्या मुक्कामाचे गावही आडनाव होऊन बसते. म्हणून आडनाव हा शोधाचा आरंभ मानावा, शेवट मानू नये.

ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज अशा आडनावांवरून मूळ कुळाचा काहीच बोध होत नाही. पण आडनावाने जे झाकले, ते अनेकदा गावकारीच्या वहीने जपून ठेवले आहे. धर्म बदलला, नाव बदलले, तरी ‘वांगड’ म्हणजे गावकारांचे मूळ कुळ बदलले नाही. त्यामुळे एकाच वांगडात हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरे असल्याची उदाहरणे गोव्यात आढळतात.

कुंकळ्ळीच्या बारा छत्र्या

याचे सर्वांत ठळक दर्शन सासष्टीतील कुंकळ्ळीत घडते. धर्मांतराची सक्ती आणि देवळांची मोडतोड यांविरुद्ध या गावाने व शेजारच्या गावांनी कडवा प्रतिकार केला. १५ जुलै १५८३ रोजी गावात आलेल्या पाच जेझुइटांची हत्या झाली. अकबराच्या दरबारात राहून आलेले रुदोल्फ आक्वाविवा हे त्यांपैकी एक होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या नायकांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांना ठार केले. एक जण तेवढा निसटला, असे सांगितले जाते. गावच्या जमिनी पुढे गावकारांच्या हातून गेल्या. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला नेण्यात आली आणि तेथे ती कुंकळ्ळीकरीण म्हणून ओळखली जाऊ लागली.

दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. गुलालाच्या उधळणीत निघणाऱ्या या मिरवणुकीत बारा छत्र्या असतात. प्रत्येक छत्री एका वांगडाची. या बारा वांगडांत हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत, आणि सोहळ्यात दोघांचाही मान आहे. १५८३ च्या घटनेकडे कोण कोणत्या दृष्टीने पाहतो हा इतिहासकारांच्या चर्चेचा विषय असेल. पण त्या घटनेने ज्यांची घरे दुभंगली, त्यांच्या वंशजांनी नात्याचा धागा तुटू दिला नाही, हे ही मिरवणूक वर्षातून एकदा सर्वांसमक्ष सांगते. त्या नायकांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. मात्र गावकऱ्याला स्वतःचा इतिहास प्रथम भेटतो तो आपल्या वांगडाच्या छत्रीखाली चालताना.

गावकारीची वही आणि वहीबाहेरची माणसे

गावकारी ही पोर्तुगीजांच्या आधीची ग्रामसंस्था. तिच्या रूढी व हक्क आफोंसो मेशिया यांनी १५२६ च्या ‘फोराल’मध्ये नोंदवले. पोर्तुगीज अमलात तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले आणि आजही गोव्यात दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत. शेतजमीन, बांध, खाजन यांची व्यवस्था पाहून उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना मिळणारा वाटा म्हणजे ‘जोण’. जोणाची रक्कम अनेक ठिकाणी नाममात्र असते. तरीही लोक ती घ्यायला जातात, कारण त्या नोंदीने ‘आपण या गावचे’ हे कागदावर सिद्ध होते.

पण ही वही सर्व गावाची नाही. गावकारांच्या यादीत परंपरेने पुरुष वंशजच येत असल्याने घरातील लेकी-सुना तिच्यात सापडत नाहीत. गावात राबणारे कूळ, भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा मुंडकार, डोंगरात कुमेरी शेती करणारा कष्टकरी यांची नावेही तिच्यात नाहीत. अशा घराने आपला इतिहास कुठे शोधावा? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मुक्तीनंतरच्या कागदांत आहे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांमुळे शेकडो वर्षे नाव नसलेली माणसे प्रथमच सरकारदरबारी नोंदली गेली. एक-चौदाच्या उताऱ्यातील कुळाच्या रकान्यात आलेले आजोबांचे नाव हा त्या घराचा ताम्रपटच होय. त्याआधीचा इतिहास मात्र धालो-फुगडीच्या गीतांत, शेताच्या व बांधांच्या नावांत आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातच राहिला आहे.

दस्तऐवजांचे घर

गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले. इतिहासकार दियोगो दो कौतो हे त्याचे पहिले अधिकारी. पोर्तुगालशी झालेला पत्रव्यवहार, मराठे व इतर सत्तांशी झालेले तह, गावकारीच्या वह्या, जमिनींचे दस्त असा अफाट संग्रह तेथे आहे. तो पोर्तुगीजमध्ये आहे, तसाच मोडीत आणि ‘गोयकानडी’ या जुन्या लिपीतही आहे.

हा संग्रह जगापुढे आणणाऱ्यांत अग्रणी ठरले पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९). सत्तरीतील पिसुर्ल्याचे हे शिक्षक पोर्तुगीज भाषा आत्मसात करून या दप्तरखान्याचे प्रमुख झाले आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास त्यांनी अस्सल कागदांतून मांडला. राज्यकर्त्यांच्या कागदांत आपल्या लोकांचा इतिहास वाचता येतो, तो वाचायला शिकले पाहिजे, हा धडा त्यांच्या आयुष्यातून मिळतो.

घरगुती शोधासाठी अधिक जवळची साधने म्हणजे नागरी नोंदणी कार्यालयातील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी. पोर्तुगीज काळात सुरू झालेली ही पद्धत मुक्तीनंतरही चालू राहिली. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या त्याहून मागे जातात. वाटणीच्या वेळी झालेल्या ‘इन्व्हेंतार’मध्ये तर घरातील माणसे, शेते, दागिने यांची तपशीलवार यादी मिळते. अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या निमित्ताने अनेक जण या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. हेतू व्यवहाराचा असतो, पण पणजोबांची सही पाहताना हात क्षणभर थांबतोच.

पाण्याखालचे गाव

विस्थापनाची गोष्ट सोळाव्या शतकातच संपली नाही. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. तेथील प्राचीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. लोकांचे पुनर्वसन वालकिणी, वाडे येथे झाले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती उघडी पडतात आणि मे महिन्यात कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे जमतात. कोणाचे अंगण कुठे, तुळस कुठे, हे मुलांना दाखवतात. चारशे वर्षांपूर्वी वेर्णा-केळशीहून निघालेल्यांनी आपल्या मुलांना काय सांगितले असेल, याची कल्पना कुर्डीच्या त्या भेगाळलेल्या जमिनीवर उभे राहिले की येते.

निसटत चाललेली पिढी

काही साधने अजून जिवंत आहेत, पण थोडा काळच. १९ डिसेंबर १९६१ रोजी जे वीस वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. १८ जून १९४६ ची मडगावातील डॉ. लोहियांची सभा पाहिलेले तर अगदी विरळा. १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीला गोळ्या झेललेल्यांच्या सोबत्यांचीही तीच स्थिती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, हे आकडे कुठेही मिळतील. पण आपल्या घराने ‘फुला’वर शिक्का मारला की ‘दोन पानां’वर, त्यावरून भावाभावांत काय बोलणे झाले, ते का झाले, हे घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतील. मराठी आणि कोकणी या दोहोंवर प्रेम करणाऱ्या घरांत तो निर्णय सोपा नव्हता.

आरंभ कुठून करावा

प्रथम घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला बोलते करावे आणि ध्वनिमुद्रण करून ठेवावे. माहेरची बाजू विसरू नये, कारण कागदांनी ती सर्वाधिक वगळली आहे. मग कुळदेव, मूळ गाव, वांगड आणि ज्ञात पूर्वजांची नावे एका वहीत लिहावीत. जुने कागद न वाचता टाकून देऊ नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांना चिकटपट्टी लावू नये, ओलाव्यापासून दूर ठेवावेत. पोर्तुगीज किंवा मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. ऐकीव माहिती आणि कागद यांत विसंगती दिसली तर दोन्ही नोंदवून ठेवाव्यात, कारण आठवण चुकते तसा कागदही चुकतो, आणि कागद लिहिणाऱ्याची बाजू बहुधा बलवत्तराची असते.

आज पावसाळी ओल, वाळवी आणि घरांच्या वाटण्या यांत दरवर्षी कितीतरी पेट्या रिकाम्या होत आहेत. जी लिपी घरात कोणालाच वाचता येत नाही, तिचा कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही. राज्याचे पुराभिलेखागार राजांचे तह सांभाळील, पण घरातला कागद आणि घरातली आठवण घरानेच सांभाळायची असते. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला पुढच्या पिढीकडेही उत्तर असावे असे वाटत असेल, तर त्या उत्तराची नोंद आजच्या पिढीने करून ठेवली पाहिजे.