निःक्षारीकरण संच, सुवाह्य
समुद्राचे किंवा खाडीचे खारे पाणी मोजक्या माणसांसाठी जागेवरच पिण्याजोगे करणारे, उचलून नेता येणारे उपकरण. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नुसते उकळून वा साध्या गाळणीने ते जात नाहीत. व्यस्त परासरणात हे पाणी सुमारे ५५ बार दाबाने अर्धपार्य पटलातून ढकलतात. जीवरक्षक तराफ्यांवरचा, याच तत्त्वावर चालणारा किलोभर वजनाचा हातपंप तासाला जेमतेम लिटरभर पाणी देतो. सतत दांडा मारण्याचे श्रम ही त्याची खरी मर्यादा. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये दाखवलेला संच विद्युत्क्षेत्राने क्षार बाजूला सारतो, त्यामुळे गाळणी बदलावी लागत नाही. उत्पादन मात्र ताशी ०.३ लिटर.