खांद्यातली खुंटी

रात्रीचा मुक्काम कयाधूच्या काठाला पडला आहे. साल 475च्या आसपासचं. आज इथं हिंगोली आहे. वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा नंदिकटाकडे, आजच्या नांदेडकडे, चालला आहे आणि त्या तांड्यात तुम्ही आहात. राज्य वाकाटकांचं, गादीवर हरिषेण. गाड्या सोडल्या आहेत, बैल चाऱ्याला लागले आहेत. काळ्या रानाची वाळलेली ढेकळं तुमच्या टाचांना बोचताहेत आणि दिवसभराचा धुरळा अजून दातांखाली करकरतो आहे.

शेकोटीपाशी एक भिक्खू बसला आहे. तो अजिंठ्याच्या डोंगरातून आलाय. तिकडे हरिषेणाचा मंत्री वराहदेव भिक्खूंसाठी एक लेणं कोरवून घेतोय. आज आपण त्याला सोळा नंबरचं लेणं म्हणतो. चित्रकारांच्या सहवासात राहिलेला हा माणूस गोष्ट सांगतो तीही एका चित्रकाराचीच.

मध्यदेशातला एक चित्रकार कामानिमित्त यवनांच्या देशात जातो आणि एका यंत्रकाराच्या घरी उतरतो. रात्री पाहुण्याच्या सेवेला यजमान एक मुलगी पाठवतो. ती त्याचे पाय धुते आणि नुसती उभी राहते. तो तिला जवळ बोलावतो. ती बोलत नाही. जीव जडलेला माणूस समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावतो, तसा हाही लावतो. शेवटी तो हात धरून तिला ओढतो आणि पुढ्यात लाकडाच्या तुकड्यांचा ढीग पडतो.

तांडा खदखदून हसतो. तुम्हीही हसता. गोष्ट अजून संपलेली नाही. चिडलेला चित्रकार रातोरात आपलंच गळफास घेतलेलं चित्र दारावर काढतो आणि मागे लपून बसतो. सकाळी यंत्रकार हादरतो, थेट राजाला घेऊन येतो. दोर कापायला म्हणून कुऱ्हाड उगारली जाते, तेव्हा चित्रकार बाहेर येतो. तू मला एकांतात फसवलंस, मी तुला भर दरबारात फसवलं. फिटंफाट.

मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयग्रंथात ही गोष्ट आजही वाचायला मिळते. दोन पुरुषांची कुरघोडी रंगते, ढीग झालेल्या मुलीची मात्र पुन्हा कुणी चौकशी करत नाही. शेकोटीपाशीही कुणी केली नाही. यंत्राच्या प्रेमाच्या जुन्या गोष्टींत हे ढीग होणं पुन:पुन्हा येतं आणि माझं सगळं लक्ष तिथंच अडकतं. कुणीतरी जीव लावतो, मग कुणीतरी उघडून बघतो.

आता जवळजवळ दोनशे वर्षं मागं आणि हिमालयापलीकडे चला. साल 285, देश चीन. दुनहुआंगला जन्मलेला भिक्षू धर्मरक्ष भारतातून आलेल्या बौद्ध कथा चिनी भाषेत उतरवतो आहे. तुम्ही त्याच्या लेखनिकाशेजारी बसला आहात. शाई घोटल्याचा वास आहे, हातात कुंचला आहे. आजची कथा पाच राजपुत्रांची. त्यातला एक कसबी कारागीर. तो परक्या राजाच्या देशात जातो आणि लाकडाचा एक तरुण घडवतो. तो गातो, नाचतो. हा माझा मुलगा, असं राजपुत्र सांगतो. राजा-राणी सज्जात बसून खेळ बघतात. आणि तो लाकडी पोरगा नाचता नाचता राणीकडे बघून डोळा मारतो.

लेखनिकाचा कुंचला क्षणभर थबकतो आणि तुम्हाला हसू आवरत नाही. राजा भडकतो, मुंडकं उडवा म्हणतो. बाप धाय मोकलून रडतो. एकुलतं एक पोर आहे, फार माया लावली आहे, मारायचंच असेल तर मला माझ्या हातानं मारू द्या, म्हणतो. राजा कबूल होतो. बाप पुढं होतो आणि पोराच्या खांद्यातली एक खुंटी उपसतो. सगळे सांधे सुटतात, अंग जमिनीवर विखुरतं. राजा चकित होतो. लाकडावर आपण रागावलो होतो तर! तीनशे साठ सांध्यांचं हे यंत्र जिवंत माणसाहून सरस आहे, असं म्हणत तो कारागिराला अमाप सोनं देतो.

बापाचं ते रडणं नाटकी होतं, असं गोष्ट सुचवते. माझा त्यावर विश्वास बसत नाही. तीनशे साठ सांधे ज्यानं एकेक करून बसवले, त्याला खुंटी उपसताना काहीच झालं नसेल, हे मला पटत नाही.

हीच गोष्ट चीनमध्ये आणखी एका पोशाखात भेटते. ‘लिएझी’ नावाच्या ग्रंथात यान शी हा कारागीर चौ घराण्याच्या मू राजापुढे, म्हणजे इसवी सनाच्या जवळजवळ हजार वर्षं आधीच्या दरबारात, असाच एक यंत्रपुरुष आणतो. हनुवटीला स्पर्श केला की तो सुरात गातो, हात धरला की तालात नाचतो. खेळ संपता संपता तो राजाच्या स्त्रियांना डोळा मारतो. राजा यान शीवर धावून जातो. यान शी घाबरून बाहुला उघडून दाखवतो. चामडं, लाकूड, सरस, लाख. पांढरा, काळा, तांबडा, निळा रंग. इथं राजाला थांबवत नाही. तो काळीज काढून बघतो, तर बाहुल्याचं बोलणं बंद. यकृत काढतो, डोळ्यांनी दिसेनासं होतं. मूत्रपिंडं काढतो, पाय चालेनात. मग राजा खूश होऊन उद्गारतो की माणसाचं कसब निसर्गाच्या बरोबरीचं आहे.

तुम्ही त्या दरबारात मानकऱ्यांच्या रांगेत उभे आहात. सगळे पोटातल्या यंत्राकडे टक लावून बघताहेत. प्रेम कुठल्या अवयवात होतं, ते मात्र राजा शोधत नाही. गाणं कशानं चालतं, बघणं कशानं, चालणं कशानं, हे त्यानं तपासलं. डोळा कशानं मारला गेला, हे तपासायचं राहूनच गेलं.

जी श्येनलिन या चिनी संस्कृतपंडितानं 1949 मध्ये दाखवून दिलं की ‘लिएझी’तला हा प्रसंग धर्मरक्षाच्या भाषांतरातून उचललेला आहे. म्हणजे मू राजाचा दरबार हा फक्त देखावा. गोष्ट आपल्याकडून गेलेली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात वाल्मीकीचं रामायण गुपचूप चिनीत आणणारा हा माणूस. 2008 मध्ये भारतानं त्याला पद्मभूषण दिलं. आज हिंगोलीतली एखादी कॉलेजची पोरगी मोबाइलवर रोबोटच्या प्रेमाची चिनी मालिका बघत हसते, तेव्हा इकडून गेलेली वस्तूच नव्या रंगात परत आलेली असते. मला याचा फार आनंद वाटतो.

परतीच्या वाटेवर पैठणला थांबायलाच हवं. सातवाहनांचं प्रतिष्ठान. इथला गुणाढ्य राजसभेतली पैज हरतो, तिन्ही प्रचलित भाषा सोडतो आणि पैशाचीत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, अशी दंतकथा. राजा ती नाकारतो, तेव्हा रानात बसून तो एकेक पान जनावरांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. सहा लाख श्लोक जळतात, एक लाख वाचतात. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या परंपरेतून कथासरित्सागर रचला. त्यात गुणाढ्याची घरची माहिती आहे: आईच्या भावांची नावं वत्स आणि गुल्म, बाप नागकुळातला. मामांची नावं जोडून वाचा, वाशीम होतं. कयाधूचं खोरं त्याला लागूनच. मराठवाड्यातल्या माणसानं हे गर्वानं सांगावं.

कथासरित्सागरात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीसाठी यंत्रबाहुल्यांची करंडी आणते. खुंटी दाबली की एक बाहुली उडून जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. ही मौज तुम्ही पळता पळता बघा, कारण पुढचं शहर जास्त मोलाचं आहे. समुद्राकाठच्या त्या गावात तुम्ही शिरता. बाजार भरलेला, बाया-माणसं ये-जा करताहेत, पण आवाज म्हणून नाही. दुकानदार मान हलवतो, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. सगळे लाकडाचे. राजवाड्यात एकच जिवंत माणूस, राज्यधर नावाचा सुतार. कांचीतून पळून आलेला, ओसाड गावात एकटा पडलेला. सोबत हवी म्हणून त्यानं अख्खं गाव घडवलं. त्याच्या एकाही माणसाची खुंटी कुणी उपसत नाही. मला वाटतं, एकट्यानं राहणाऱ्याला उघडून बघायची घाई नसते.

आता यादवांच्या काळात या. नर्सी, हिंगोलीहून जवळच. 1270 मध्ये जन्मलेला दामाशेटी शिंप्याचा मुलगा नामदेव. प्रसंग मात्र पंढरपूरचा सांगतात. बाप गावाला गेलाय, आई गोणाईनं नैवेद्य पोराच्या हाती दिलाय. तुम्ही खांबाआड उभे आहात. पोर ताट ठेवतं आणि वाट बघतं. देव जेवत नाही. पोर रडतं, विनवतं, डोकं आपटून घेईन म्हणतं. आणि विठ्ठल जेवतो.

विठ्ठल यंत्र नव्हे आणि मूर्तीला बाहुली म्हणण्याचं पाप मी करणार नाही. सांगायचंय ते पोराबद्दल. आत काय आहे, हे त्याला तपासायचं नव्हतं. समोरचा उपाशी आहे एवढंच त्याला दिसत होतं. नर्सीजवळच्याच औंढा नागनाथाला तर याच नामदेवाला कीर्तन करताना पुढून उठवलं, तो मागे जाऊन बसला, आणि देऊळच त्याच्याकडे फिरलं, असं आपले लोक सांगतात. नंदी मागच्या बाजूला का, त्याचं कारण हेच देतात.

इथून थेट प्रागला. 25 जानेवारी 1921, नॅशनल थिएटर, बाहेर कडाक्याची थंडी. कारेल चापेकचं नाटक ‘आर. यू. आर.’ रंगमंचावर आहे आणि शेवटचा अंक चालू आहे. रोबोटांनी माणसं संपवली आहेत. उरलाय एकटा म्हातारा अल्क्विस्ट. नवे रोबोट कसे घडवायचे, हे सूत्र जळून गेलंय. ते शोधायला त्यानं चिरफाड करावी असा रोबोटांचाच हट्ट आहे. तेवढ्यात त्याला हसण्याचा आवाज ऐकू येतो. प्रिमस आणि हेलेना, एक रोबोट तरुण, एक तरुणी. अल्क्विस्ट म्हणतो, हिला टेबलावर घेतो. प्रिमस आडवा येतो: मला घ्या. मग म्हातारा म्हणतो, बरं, तुला घेतो. आता हेलेना आडवी येते: मला घ्या. तुमच्या शेजारचा प्रेक्षक पुढं झुकून बसला आहे. अल्क्विस्ट सुरी चालवत नाही. दोघांना जा म्हणतो.

मू राजापासून इथवर आलेल्या तुम्हाला यातलं मोठेपण कुणी समजावून सांगायला नको. राजानं काळीज काढून बघितलं. अल्क्विस्टनं ते न काढताच ओळखलं.

शेवटचा थांबा पुन्हा कयाधूच्या खोऱ्यात. 2010 नंतरचं कुठलंही साल घ्या. पत्र्याच्या घरात टीव्हीवर शंकरचा ‘रोबोट’ लागलाय, तमिळ ‘एंदिरन’ हिंदीत डब केलेला. भारनियमनाच्या वेळा टळल्या म्हणून शेजारचीही पोरं येऊन बसली आहेत. रजनीकांतचा रोबोट चिट्टी आपल्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रेयसीच्या, सनाच्या, प्रेमात पडलाय. तिला डास चावला, तर तोच डास शोधून आणून तिची माफी मागायला लावतो, आणि पोरं लोळून हसतात. मग घडवणारा शास्त्रज्ञच रागानं कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे करतो. पोरं गप्प. चिट्टी परत उभा राहतो, बिथरतो, धुमाकूळ घालतो, ताळ्यावर येतो. शेवटी कोर्ट हुकूम देतं की हा मोडीत काढा, आणि तो स्वतःच्या हातानं आपले भाग काढू लागतो. एकेकाचा निरोप घेत हात काढतो, पाय काढतो.

धर्मरक्षाच्या कथेत खुंटी बापानं काढली, ‘लिएझी’त राजानं आत हात घातला. इथं ज्याच्या खांद्यात खुंटी आहे, त्यालाच ती काढायला लावलंय. सगळ्यांत जास्त चटका इथं बसतो.

कोपऱ्यात बसलेली सात-आठ वर्षांची पोरगी बाजेवरच्या बापाला विचारते, “बाबा, याला परत जोडता येतंय का?”

“येतंय की. विहिरीवरची मोटर जळली तर आपण फेकून देतो का? भरून आणतो.”

“मग तो तिला वळखंल?”

“वळखंल,” बाप म्हणतो, आणि वीज आहे तोवर रानाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघतो.