जीजा यानिन

बँकॉक येथें १९८४ सालीं जन्मलेल्या यानिन विस्मितानंद या नटीचें घरगुती नांव जीजा. तें ऐकून आपल्या मनांत जिजाऊसाहेब येतात, पण संबंध कांहीं नाहीं. अकराव्या वर्षीं ती तायक्वांडो ही कोरियन युद्धकला शिकूं लागली. पुढें एका चित्रपटाच्या निवडीच्या वेळीं मारामारीचे प्रसंग बसविणारे पन्ना रित्तिक्राय यांनीं तिला हेरलें, आणि दिग्दर्शक प्रच्या पिंकेऊ यांनीं तिच्याकडून कित्येक वर्षें नुसती तालीम करून घेतली. त्यांतून २००८ सालीं ‘चॉकलेट’ निघाला. आजारी आईच्या औषधासाठीं तिचें जुनें येणें वसूल करणारी, आणि मारामारी नुसती पाहूनच शिकणारी, अशी आत्ममग्न मुलगी तिनें त्यांत उभी केली.

परंतु खरी हकीकत कथा संपल्यावर, श्रेयनामावलीबरोबर दिसते. चुकलेले घाव, रक्त, पडून विव्हळणारे गडी, सारें तेथें दाखविलें आहे. घाव खरे बसत याचा तो पुरावा, आणि जाहिरातहि. ती जाहिरात मला खटकते; तथापि नायिकेची उडी दुसराच कोणी मारीत असतो हा जुना संशय तिनें आपल्यापुरता मिटविला, हें नाकारतां येत नाहीं. २००९ सालीं ‘रेजिंग फीनिक्स’ आला. २०१३ सालीं ‘टॉम यम गूंग’च्या दुसऱ्या भागांत नायक टोनी जा होता, ती दुय्यम भूमिकेंत, आणि पुढच्याच वर्षीं पन्ना निवर्तले.