शाळेखालची जमीन

शहराचा नकाशा पाहिला की कोणत्या जागेवर आज काय उभे आहे ते कळते. त्या जागी पूर्वी काय होते, हे मात्र नकाशा सांगत नाही. याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील लव्ह कनाल या वस्तीच्या इतिहासावरून समजते. या इतिहासाच्या मध्यभागी एक प्राथमिक शाळा आहे, म्हणून शिक्षकांपुढे तो मांडावा असे आम्हांला वाटले.

नायगारा धबधब्याजवळ विल्यम लव्ह या उद्योजकाने १८९० च्या दशकात एक कालवा खणायला घेतला. नदीचे पाणी वळवून वीज निर्माण करायची आणि त्या विजेवर एक आदर्श नगर वसवायचे, अशी त्याची योजना होती. त्या काळी वीज फार दूर नेता येत नसे. कारखान्यांनीच विजेजवळ येणे भाग होते. पण १८९३ साली मंदी आली आणि भांडवल आटले. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहामुळे वीज दूरवर नेणे शक्य झाले. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. नगराचे प्रयोजनच संपले. मागे उरला सुमारे एक किलोमीटर लांबीचा खड्डा. त्यात मुले पोहत असत.

१९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने या खड्ड्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा टाकला आणि वर मातीचा थर दिला. आज हे ऐकून धक्का बसतो. पण तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ही जागा वाईट नव्हती. येथील जमीन चिकणमातीची. चिकणमातीचे कण अत्यंत बारीक, त्यांमधल्या फटी त्याहून सूक्ष्म. त्यामुळे पाणी त्यांतून फार सावकाश झिरपते. थर अभंग राहिला असता तर कचरा बराच काळ जागच्या जागी राहिला असता.

परंतु महायुद्धानंतर गाव वाढू लागले, शाळांना जागा हवी होती. १९५३ मध्ये कंपनीने ही जमीन शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. जमिनीत रासायनिक कचरा आहे आणि पुढील जबाबदारी कंपनीची नाही, असे खरेदीखतात लिहिलेले होते. तरीही १९५५ मध्ये तेथे शाळा सुरू झाली. आजूबाजूला घरे उठली. खरेदीखतातली ती ओळ घरे घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांपर्यंत पोचलीच नाही.

आता जमिनीत काय झाले ते पाहू. बांधकामासाठी वरची माती काढली गेली, रस्ते आणि गटारांचे नळ टाकताना कडा फोडल्या गेल्या. झाकणाला भेगा पडल्या, तळ मात्र तसाच राहिला. म्हणजे खड्ड्याचा हौद झाला! पाऊस व वितळलेले बर्फ वरून आत जाई, खाली निचरा होत नसे. १९७० च्या दशकात जोराचा पाऊस व हिमवर्षाव झाला, तेव्हा हौद भरून वाहू लागला. वरच्या सैल मातीतून दूषित पाणी घरांच्या तळघरांत शिरले. त्यात बेंझिनसारखी घातक द्रव्ये सापडली.

लोइस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्या शाळेत जात होता आणि सतत आजारी पडत होता. तिने १९७८ मध्ये घरोघरी जाऊन आजारांची माहिती गोळा केली आणि नकाशावर टिंबे काढली. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंच्या मदतीने लक्षात आले, की टिंबे बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या मार्गावर दाट होतात. अधिकाऱ्यांनी ही 'गृहिणींची माहिती' म्हणून झटकून टाकली. एक गोष्ट खरी, की थोड्या कुटुंबांच्या माहितीवरून आजाराचे कारण सिद्ध करणे अवघड असते, आणि येथील आरोग्यविषयक निष्कर्षांवर पुढेही वाद झाले. पण जुन्या ओढ्यांतून पाणी वाहत असेल, हे तपासण्याजोगे गृहीतक होते. ते कोणी मांडले, यावरून त्याची योग्यता ठरत नाही.

२ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद झाली. कालव्यालगतची २३९ कुटुंबे हलवली गेली, आणि १९८० नंतर आणखी शेकडो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'सुपरफंड' कायदा झाला. जुनी दूषित जागा साफ करण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकण्याची सोय त्यात आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८६ मध्ये, आपल्या परिसरात कोणती घातक रसायने आहेत हे जाणण्याचा हक्कही अमेरिकी नागरिकांना कायद्याने मिळाला. लव्ह कनालची जागा सुपरफंडच्या यादीतून निघायला मात्र २००४ साल उजाडले.

या साऱ्यात आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. धोक्याची माहिती कोणालाच नव्हती असे नाही. ती कागदावर होती. ज्यांची मुले तिथे खेळत होती, त्यांच्या हाती ती नव्हती. नगररचनेचे शास्त्र केवळ रस्ते आखण्याचे नाही, तर जमिनीचा पूर्वेतिहास पुढच्या माणसापर्यंत पोचवण्याचेही आहे. आपली शाळा बांधण्यापूर्वी त्या जागी काय होते? ओढा, तळे, खाण, की भराव? विद्यार्थ्यांना गावातील वयस्कर मंडळींकडे पाठवून हे विचारायला सांगावे, आणि मिळालेली उत्तरे नकाशावर मांडावीत.