पाळी जाताना: एका अभ्यासाची प्रस्तावना

रजोनिवृत्ती हा शहरातल्या सुखवस्तू बायकांचा विषय आहे, असा समज घेऊन कोणी या अभ्यासाकडे येत असेल, तर त्याने आधी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात यावे. मावची, भिल्ल, कोकणी या आदिवासी घरांतल्या बाईच्या अंगातून भात लावताना वाफा निघाल्या तर दोष उकाड्याला दिला जातो आणि रात्री झोप उडाली तर काळजीला. पाळी जाण्याशी त्याचा संबंध असू शकतो, हे तिला सांगायला सहसा कोणी येत नाही.

न येण्याचे एक कारण आपल्या वह्यांत आहे. सुश्रुताने पाळी थांबण्याचे वय पन्नास सांगितले. आजचे भारतीय अभ्यास ते सरासरी ४६-४७ च्या आसपास मानतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांपैकी १५ ते ४९ वयाच्यांशीच बोलते. मूल होण्याचे वय सरले की बाई कागदावरून उतरते. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. विचारले नाही म्हणून दुखणे नव्हते असे होत नाही, एवढे तेव्हाच कळायला हवे होते. पुढे २०१९ मध्ये बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड मजूर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते, मग वय तिशीतले का असेना. नवापूरच्या बायकाही ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, म्हणून हा प्रश्न इथेही विचारायला हवा.

उपायांत मी झोपेला पहिला मान देते. इस्ट्रोजेन उतरले की मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. जराशा उष्णतेनेही घाम फुटतो, जाग येते. अशा वेळी खोली थंड ठेवा, असे पुस्तके सांगतात. कौलारू घरात त्याचा अर्थ ओट्यावर किंवा अंगणात अंथरूण, सुती लुगडे आणि संध्याकाळनंतर चहा नाही. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवणे हा निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराचा कणा. पहाटे पाण्याला उठणारीला तो वेगळा शिकवावा लागत नाही. तिला हवी असते दुपारची थोडी उसंत. ताण कमी करा, असा उपदेश करणाऱ्याने पाण्याची घागर आणि सरपणाचा भारा कोण उचलणार, हेही त्याच दमात सांगावे. प्राणायाम त्यानंतर.

‘हार्मोन बॅलन्स’ या जाहिरातींच्या लाडक्या शब्दावर माझा विश्वास कमी. या वर्षांत संप्रेरके महिन्यागणिक वरखाली होतात; पंचेचाळिशीपुढे एका दिवसाच्या रक्ततपासणीतून फारसे कळत नाही. तीच रक्कम हिमोग्लोबिन आणि थायरॉईडवर खर्चावी. संप्रेरकोपचाराला मात्र उगाच घाबरू नये. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ज्या मोठ्या चाचणीतून ही भीती पसरली, तिच्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील आणि त्रास तीव्र असेल, तर बऱ्याच जणींना त्याचा फायदा धोक्याहून मोठा असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन लागते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. नंदुरबारात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, म्हणून त्याची विचारपूस आधी करावी: त्या आजारात रक्ताच्या गुठळीचा धोका मुळात जास्त, आणि पोटातून घ्यायच्या इस्ट्रोजेनने तो वाढतो. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये हा धोका कमी दिसतो.

पाड्यावर जाणाऱ्या नव्या अभ्यासकाने तारखा विचारू नयेत. ‘गेल्या होळीपासून या होळीपर्यंत पाळी आली का?’ असे विचारावे. नाही म्हणाली तर बारा महिने पुरे झाले, म्हणजे रजोनिवृत्ती आली. त्यानंतर थेंबभर रक्त दिसले, तरी ते ‘परत आलेली पाळी’ समजून सोडायचे नाही. त्याच आठवड्यात तिला तपासणीला न्यायचे.