ओळख हम्बोल्ट पेंग्विनची

पेंग्विन म्हटले की डोळ्यांसमोर बर्फ येतो. अंटार्क्टिकावरील सम्राट पेंग्विनपुरते ते खरे आहे. मीटरभराहून उंच असलेला हा सर्वांत मोठा पेंग्विन. त्याचा नर ऐन हिवाळ्यात एकुलते एक अंडे पायांवर पेलून सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, अर्थात राणीच्या बागेत, २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन मात्र वेगळ्या कुळीचे. पेरू व चिलीचा रखरखीत किनारा हे त्यांचे मूळ स्थान.

उंची ६५ ते ७० सेंटिमीटर, वजन चार ते पाच किलो. छातीवर काळा पट्टा आणि चोचीच्या बुडाशी पिसे नसलेली गुलाबी कातडी. अंगातील जादा उष्णता तिच्यावाटे बाहेर पडते. वर्षातून एकदा सारी पिसे झडतात. नवी येईपर्यंत पाण्यात उतरता येत नाही, त्यामुळे हा काळ उपवासाचाच. मादी बहुधा दोन अंडी घालते व नर-मादी ती आळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात.

सागरी पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरांत, म्हणजे 'ग्वानो'त, बिळे कोरून हे पक्षी घरटी करीत. एकोणिसाव्या शतकात तोच ग्वानो खत म्हणून जहाजे भरभरून युरोपात गेला आणि घरट्यांची जमीनच खरवडली गेली. दुसरे संकट एल निनोचे. किनाऱ्याजवळचे थंड पाणी तापले की अँकोव्ही मासे दुर्मिळ होतात. १९८२-८३ च्या एल निनोत या पेंग्विनांची संख्या फार घटली. ज्या एल निनोच्या नुसत्या नावाने जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील शेतकरी धास्तावतो, तोच हजारो मैलांवरील या पक्ष्यालाही उपाशी ठेवतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या प्रजातीची गणना 'असुरक्षित' वर्गात केली आहे.

सोलहून मुंबईत आणलेल्या आठ पक्ष्यांपैकी एक ऑक्टोबर २०१६ मध्ये दगावला. खर्चावरून वादही बराच झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. मार्च २०१७ मध्ये वातानुकूलित कक्ष लोकांसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारतातील पहिले पेंग्विन पिल्लू तेथे जन्मले. आठवडाभरातच ते गेले. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्ले मात्र जगली.